सात नंबरचा डबा

चेअरमन संडासात गेले तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अंगणात आम्ही सतरा जण बसलो होतो. त्यात कामाची मी एकटी, बाकीचे सोळा नुसते बघे. जानेवारीची थंडी मरणाची होती. शेकोटीभोवती घोंगड्या पांघरून बसलेली ती म्हातारी मंडळी संडासाच्या पत्र्याच्या दाराकडे अशी टक लावून बघत होती, की आत मतमोजणी चाललीय असं वाटावं.

"लई येळ लागला," एक जण म्हणाला.

"पैलवान गडी हाय. दमानं घेतोय," दुसऱ्याने समजूत घातली.

माझ्या पायाशी थर्माकोलची पेटी होती. पेटीत सुका बर्फ होता, त्यातून पांढरी वाफ निघत होती आणि ती बघायलाही चार जण वाकले होते. वीस मिनिटांनी कडी वाजली. चेअरमन बाहेर आले. साठी ओलांडलेला माणूस, पण खांदे अजून दारात मावत नव्हते. त्यांनी हातातला पांढरा प्लॅस्टिकचा डबा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि हाताला लागताच कळलं. उघडून बघायची गरजच नव्हती.

"आज न्हाय," चेअरमन शेकोटीकडे बघत म्हणाले. "तुमच्याम्होरं जरा बुजल्यागत झालं. उद्या बगा."

सोळा माणसांनी एकदम सुस्कारा सोडला. मी सोडला तो सतरावा, आणि सगळ्यात मोठा.

हे दोन हजार नऊ सालचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. यवतमाळहून पुण्याला येऊन एका संशोधन संस्थेत डॉ. सबनीस सरांच्या हाताखाली काम करत होते. काम काय, तर लोकांची विष्ठा तपासणं. घरी मी 'आहारावर संशोधन' एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त आहाराचं शेवटचं टोक तेवढं गाळलं होतं. होस्टेलवर मात्र लपवायची सोय नव्हती. मी लॅबमधून आले की खोलीतल्या दोघी नाकाला ओढणी लावून खिडक्या उघडायच्या.

सरांचा विषय होता शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिड. नाव लांबलचक असलं तरी गोष्ट साधी आहे. आपण खातो त्यातलं जे आपल्याला पचत नाही, म्हणजे कोंडा, साली, चोथा, ते मोठ्या आतड्यात जाऊन पडतं. तिथे राहणारे अब्जावधी जंतू ते आंबवून खातात आणि त्यातून काही आम्लं सोडतात. त्यातलं ब्युटिरेट हे आमचं लाडकं. खुद्द आतड्याच्या अस्तराचं पोट मुख्यतः त्याच्यावर भरतं. सरांचा कयास होता, की ज्वारी खाणाऱ्यांकडे हे ब्युटिरेट चांगलं सापडेल. म्हणून मंगळवेढ्याच्या पुढचं कासारखेड निवडलं, आणि गावातले साठीपुढचे वीस पुरुष.

"बायका का नाहीत, सर?" मी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

"खेड्यातल्या बायका असला नमुना देतील का, केतकी? जरा व्यवहारात ये," सर म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, याचा मला अजून राग येतो.

पहिल्या फेरीचे डबे गावातल्या आशाताईंनी वाटले आणि गोळा केले. आम्ही ते यंत्रात घातले. एकोणीस आकडे निघाले तसे बरे, आणि उरलेला एक, म्हणजे सात नंबरचा, सगळ्यांच्या दुप्पट. आम्ही तीनदा तपासला, आकडा हलेना. मग आहाराचा फॉर्म काढला. सात नंबर सकाळ-संध्याकाळ गरम चपाती, तूप आणि पांढरा भात खात होता, आठवड्यातून दोनदा मटण. ज्वारीचा उल्लेखसुद्धा नव्हता. वीस जणांत ज्वारी न खाणारा हा एकच माणूस, आणि ब्युटिरेटचा पूर त्याच्याच पोटात! हा माणूस म्हणजे दशरथ मेटकरी, जुने पैलवान, दूध सोसायटीचे चेअरमन.

सरांचा ज्वारीचा कयास कोसळला, पण सर काही कोसळले नाहीत. त्यांच्या मते चेअरमनांच्या पोटात कुठला तरी जगावेगळा जंतू नांदत होता.

"पण एका आकड्यावर विज्ञान चालत नाही," ते मला म्हणाले. "दुसरा नमुना आण. तोही असाच निघाला तर दोन वर्षं मुदतवाढ आणि तुझी पीएच.डी. नक्की. नाही निघाला, तर मार्चअखेर दुकान बंद."

दुकान बंद म्हणजे मी परत यवतमाळला, काकांच्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे. म्हणून मी पेटी घेऊन कासारखेडला आले आणि चेअरमनांच्याच घरी उतरले. नमुना निघाल्यापासून अर्ध्या तासात बर्फात गेला पाहिजे, नाहीतर जंतू डब्यातही आपलं काम चालूच ठेवतात आणि आकडा खोटा ठरतो. इकडे पेटीतला बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकणार होता. म्हणजे माझ्या हातात एकच सकाळ उरली होती.

सरांनी फोनवर चेअरमनांना 'तुमचा पहिला नंबर आलाय' असं सांगून टाकलं होतं. चेअरमनांनी ते गावाला सांगितलं होतं. म्हणून ते सोळा जण.

दिवसभर गावाने सल्ले दिले. पपई द्या, एरंडेल द्या, गरम पाण्यात तूप द्या. मी प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, की औषध काही द्यायचं नाही, आकडा बदलेल. चेअरमन तेवढे शांत होते. दुपारी पाटावर बसले तेव्हा मी फॉर्म घेऊन समोर बसले. त्यांच्या पत्नी, सोजरमावशी, चुलीपुढे चपात्या लाटत होत्या. काटक बाई, डोईवरचा पदर कधी ढळायचा नाही. हसताना तोंडावर पदर धरायची सवय, पण डोळे हसायचे ते काही झाकता येत नसत.

तव्यावरची चपाती थेट ताटात पडत होती. चेअरमनांनी हात लावून बघितला आणि चौथी चपाती बाजूला सारली.

"निवलीया ही."

"द्या हिकडं," मावशी म्हणाल्या आणि पाचवी वाढली. निवलेली त्यांनी मांजराला टाकली. मी फॉर्मवर 'चार' लिहिलं.

मग त्यांचा मुलगा जेवला, मग नातवंडं, मग चेअरमनांचे दोन मित्र. त्यानंतर रानातल्या गड्यांच्या भाकरी गेल्या. दीड वाजता मावशी चुलीपुढून हलल्या आणि दुरडीत फडक्याखाली ठेवलेली कालची भाकरी काढून वाडग्यात कुस्करू लागल्या. वर ताक ओतलं, लसणाची चटणी घेतली, कांदा बुक्कीने फोडला. मी तेव्हा चेअरमनांच्या वाट्याचं तूप चमच्यांत मोजून लिहीत होते.

"बाई, एक इचारू का?" मावशी घास घेत म्हणाल्या. "येवढं काय गवसतं वं त्यात? सोनं हाय का नाणं?"

मी त्यांना सांगितलं. जंतू, कोंडा, आम्ल, आतड्याचं अस्तर. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. मावशींनी घास हातातच धरून नीट ऐकलं.

"म्हंजी आदी आपुन खायाचं. आपल्याला नगं आसंल त्ये खाली ढकलायचं. त्ये जंतूंनी खायाचं. आन् त्यांनी टाकल्यालं आतड्यानं खायाचं."

"अगदी बरोबर!"

"आन् त्येंच्या जिवावर समदं घर चालतंया."

"हो, मावशी."

"मंग तितंबी बायकाच हायत की," मावशी म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की ताक हिंदकळलं. मीही हसले. सरांच्या व्याख्यानांना मी दोन वर्षं बसले होते, पण कुणी एवढं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

हात धुऊन मी उद्याच्यासाठी नवा डबा काढला आणि बघितला तर झाकण अडकलेलं. मी दोन्ही हातांनी पिरगाळत बसले.

"आसं न्हवं," मावशींनी तो माझ्या हातातून घेतला. "आदी दाबायचं, मंग फिरवायचं. आन् चमचा झाकणालाच हाय बगा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मागल्या बारीला आशा सांगत हुती की दारात. आयकलं," मावशी म्हणाल्या आणि वाडगा घेऊन मोरीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीस-पस्तीस माणसं होती. कुणीतरी हलगी आणली होती. मी हात जोडून ती वाजवू नका म्हटलं, कारण काल एवढ्याशा गर्दीला पैलवान बुजले होते. बरोबर सहा दहाला चेअरमन आत गेले. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. यवतमाळच्या दुकानातली खोकल्याच्या औषधांची फळी मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

पंधराव्या मिनिटाला कडी वाजली. चेअरमन बाहेर आले आणि त्यांनी डबा असा उंच धरला, जसा आखाड्यात जिंकलेली ढाल धरावी. हलगी कडाडली. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. मी डबा हातात घेतला. जड होता आणि गरम होता. मी तो नंबर घालून बर्फात पुरला आणि तिथेच, त्या थर्माकोलच्या पेटीवर डोकं टेकून, खरंच रडले. सरांना फोन केला. ते सोलापुरात मुक्कामाला येऊन थांबलेच होते.

"नऊला पोचतो," ते म्हणाले. "शाल, फेटा, श्रीफळ, सगळं घेतलंय. तू म्हणजे कमाल केलीस!"

लोक पांगले. मी ओसरीवर पेटीला चिकटपट्टी लावत होते, तेवढ्यात सोजरमावशी येऊन शेजारी बसल्या. हातात चहाची कपबशी होती ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली, पण उठल्या नाहीत.

"बाई, ह्या तुमच्या मशिनीत, बाई हाय का बाप्या, त्ये कळतं का?"

"नाही. का हो?"

"न्हाय, सहज."

"मावशी, असं सहज कुणी विचारत नाही."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि पदर डोक्यावर आणखी पुढे ओढला.

"ह्यास्नी साफ हुत न्हाय. मागल्या बारीलाबी तीन दिस झालं न्हवतं. गावाला ह्यांनीच सांगितल्यालं, लाजायचं न्हाय, समद्यांनी द्यायाचं. आन् आशा दारात हुबी, तर घरातच दुष्काळ. चेअरमनचाच डबा रिकामा गेला तर गाव काय म्हणंल? मला म्हणालं, सोजर, माजी आब्रू राख. म्हून मी..."

"म्हणून तुम्ही दिलात?"

मावशींनी मान हलवली.

"आणि आजचा?"

"संडासाला मागल्या बाजूनं खिडकी हाय. त्यातनं डबा भायेर दिला. मागं आपलीच ज्वारी हुबी हाय, डोईयेवढी." त्यांनी माझा हात धरला. "काल तू त्ये जंतूचं सांगितलंस, तवापासनं जिवाला लागलंया. तुजं शिक्शान खोट्यावर हुबं ऱ्हावं, त्ये मला नगं."

मग एकदम, कालपासून जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

"मावशी, तुम्ही काय खाता?"

"मी?" त्यांना प्रश्नच नवा होता. "उरंल त्ये."

उरेल ते. काल दीड वाजता माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी शिळी भाकरी कुस्करली होती. भाकरी रात्रभर निवली की तिच्यातलं काही पीठ घट्ट होऊन बसतं आणि आपल्याला पचेनासं होतं. ते आपसूक खाली जंतूंच्या ताटात जातं. आधीच ज्वारी, त्यात शिळी, वर ताक. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. आणि समोर वाडगा घेऊन बसलेली बाई मला दिसली नव्हती, कारण माझ्या फॉर्मवर तिचं नाव नव्हतं.

"पर ह्येंचं नाव घिऊ नगंस," मावशी म्हणाल्या. "चारचौगात मान खाली गेली तर सोसायचं न्हाय त्यास्नी."

"नाही घेणार. शब्द देते," मी म्हणाले.

शब्द देऊन बसले आणि मग कळलं की आपण कात्रीत सापडलो. डबा बर्फात होता. त्याचा आकडा पुन्हा दुप्पट येणार हे आता मला माहीतच होतं. गप्प बसले तर मुदतवाढ, पीएच.डी., सगळं हातात. बोलले तर मावशींना दिलेला शब्द मोडणार आणि प्रोजेक्टही जाणार. नऊ वाजेपर्यंत मी चार कप चहा प्यायले.

सर आले ते गाडीतून उतरतानाच हसत. ओसरीवर सतरंजी पडली होती. पुरुष पुढे बसले, बायका मागे दाराशी आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सरांनी चेअरमनांना शाल पांघरली, गुलाबी फेटा बांधला आणि भाषण सुरू केलं.

"या माणसाच्या पोटात विज्ञानाला कोडं पडावं असं काहीतरी आहे," सर म्हणाले. "हा जंतू सापडला, तर मी शब्द देतो, त्याच्या नावात मेटकरी हे नाव असेल!"

टाळ्या पडल्या. चेअरमनांचं तोंड कसनुसं झालं.

"आता चेअरमन, गावाला सांगा तुमच्या आहाराचं रहस्य."

चेअरमन उठले. एवढ्या लोकांपुढे हात जोडून उभं राहिल्यावर माणसाला काहीतरी बोलावंच लागतं.

"आता काय सांगायचं... गरम चपाती. तूप. आटवड्याला दोन येळा मटान. आन् भाकरीच्या नादाला लागायचं न्हाय."

पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं. "आयकलंस? उद्यापासनं भाकरी बंद." तिघाचौघांनी माना डोलावल्या. ते बघितलं आणि मला राहवेना. अख्खं गाव ज्वारी सोडून चपातीवर जायला निघालं होतं, आणि त्याला पुरावा होता माझ्या पेटीतला.

"सर," मी उभी राहिले. "हा नमुना चेअरमनांचा नाही. पहिलाही नव्हता."

हलगीवाल्याच्या हातातली काठी खाली पडली, तेवढाच आवाज झाला.

"म्हणजे?" सरांचं हसू अजून ओठांवर तसंच होतं.

"डबे बदलले गेले. माझी चूक झाली. माझं लक्ष नव्हतं."

"तुझी चूक? मग कुणाचे आहेत हे नमुने?"

मी पेटीवरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबत राहिले.

"केतकी, दोन वर्षांचं काम आहे हे! कुणाचे नमुने आहेत तेही तुला सांगता येत नाही? मग तू इथे केलंस काय?" सरांचा आवाज चढला. ते एरवी चिडत नसत, त्यामुळे चिडले की फार लागायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी दारात होत्या, त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी नाही बघितलं.

"ओ सायेब," चेअरमन म्हणाले. "त्या पोरीला बोलू नका."

ते अजून उभेच होते. त्यांनी शाल काढून खाली ठेवली.

"तिची काय बी चूक न्हाय. डबा माज्या हातनं गेला, पर त्यो माजा न्हवता. मला आज चौथा दिस हाय. मागल्या बारीला तिसरा हुता." कुणीतरी खुसकन हसलं. चेअरमनांनी तिकडे बघितलं आणि मग तेच हसले. "हसा, हसा. हितं सोसायटीचं दूद येळंवर जातंय, पर चेअरमनचं न्हाय."

आता सगळी ओसरी हसली. चेअरमनांनी फेटा उतरवला आणि दाराकडे वळले.

"दोन्ही डबं हिचं हायत. कुस्ती हिनं मारली आन् फेटा मला बांदला." त्यांनी तो गुलाबी फेटा मावशींच्या हातात ठेवला. "घे. हाय त्ये हाय."

"मला कशाला त्यो?" मावशी लाजून म्हणाल्या. "धुनं वाडतंय फुकाट."

हसणं थांबायला बराच वेळ लागला. सर मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मावशींच्या समोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही काय खाता?"

"उरंल त्ये."

"उरेल ते म्हणजे काय?"

"शिळी भाकरी. ताक. न्हायतर आमटीचा तळ."

सरांनी भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"आमचं काय येगळं आसतंय व्हय?" एक जण म्हणाली. बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. पुढे बसलेले पुरुष या वेळी हसले नाहीत. त्यांतला एक जण मागे वळून आपल्या बायकोकडे बघायला लागला, आणि मग बराच वेळ बघतच राहिला.

"सर," मी नाक पुसत म्हणाले, "दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे आहेत. सात नंबर तोच आहे. फक्त माणूस आपण चुकीचा धरला होता."

सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"केतकी, कोरे फॉर्म आहेत का तुझ्याकडे?"

"वीस आहेत. पहिल्या बैठकीपासून बॅगेत घेऊन फिरतेय."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते एवढंच म्हणाले, "काढ."

पहिला फॉर्म मावशींचा भरला. संमतीची सही त्यांनी ठसठशीत केली, सोजर दशरथ मेटकरी, आणि आहाराच्या रकान्यात मी त्यांच्याच तोंडचं लिहिलं, 'उरेल ते'. त्या आठवड्यात गावातल्या वीसच्या वीस बायकांनी डबे आणून दिले. ना शेकोटी, ना हलगी. पहाटे कधी जाऊन आल्या ते कळलंसुद्धा नाही. आकडे निघाले ते बघून सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. मुदतवाढ मिळाली आणि मला पीएच.डी.लाही घेतलं. सरांनी पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये निम्म्या बायका घेतल्या. आता मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच करायला लावते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सहा-सात महिन्यांनी मी पुढच्या फेरीसाठी कासारखेडला गेले. सकाळी चेअरमन सहा दहाला आत गेले आणि सव्वासहाला बाहेर आले, अंगणात एकही माणूस नसताना. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घड्याळ लावून घ्या म्याडम." मग ओसरीवर बसून त्यांनी वाडग्यात शिळी भाकरी कुस्करली. शेजारी मुलगा तेच करत होता आणि नातू अजून अर्धी पाहिजे म्हणून भोकाड पसरून बसला होता.

मी आत गेले. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"आता दुपटीनं थापतीया," त्या म्हणाल्या, "पर उरतच न्हाय बग. ह्यास्नी शिळीच लागती. पोरालाबी शिळी, नातवालाबी शिळी. समद्या गावात ह्योच गोंदूळ."

"मग तुम्ही काय खाता?" मला काळजीच वाटली.

मावशींनी तव्यावरून टम्म फुगलेली भाकरी उतरवली. बोटं भाजत होती तरी तिथेच मोडली. वाफ वर आली. तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला, घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"ही," त्या म्हणाल्या. "तव्यावरची पैली माजी. चाळीस वर्सं थापतीया गं पोरी, पर गरम कशी लागती त्ये मला ठावंच न्हवतं."

"पण मावशी, तुमचं ते ब्युटिरेट..."

"त्ये पडू दे की खाली वाईच. लई दिस वर हुतं." त्यांनी उरलेली अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खा. निवंल."

आकडा पडलाच. फार नाही, पण पडला. सरांनी तक्ता बघितला, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "चेअरमन चढले ते कळलं. पण सात नंबर का घसरला?"

मी त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. मागच्या फॉर्मवर ज्या रकान्यात 'उरेल ते' होतं, तिथे या वेळी मावशींनी माझ्याकडून पेन घेऊन स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: गरम भाकरी. पहिली.